सूप कोण नेणार

विड्यांच्या कारखान्यात माझ्या शेजारी बसणाऱ्या मावशींनी माझं काम वाचवलं. हे आधी लिहितो, मग बाकीचं.

दुष्काळाच्या आधीचं साल. पोलिओनं डावा पाय लुळा, काखेत कुबडी. आमच्या गावची, खर्ड्याची शाळा पाचवीतच सुटली होती. शेतात मला कोण बोलावणार? विड्या बसून वळतात असं कळलं, म्हणून नगरला आलो. आईला सांगून निघालो होतो, काम लागलं तरच तोंड दाखवीन.

हात लवकर बसला. पण संध्याकाळी ज्यानं त्यानं आपलं विड्यांनी भरलेलं सूप मुनीमजींच्या टेबलापर्यंत न्यायचं, असा तिथला रिवाज. सुपाला दोन्ही हात लागतात. माझा एक कुबडीला. पहिल्यांदा सूप भरलं त्याच दिवशी ते वाटेत कलंडलं आणि विड्या बायांच्या पायांखाली गेल्या.

"वळतोस बरा," मुनीमजी म्हणाले. "पण रोज असा सडा घालणार का? उद्यापासून येऊ नको."

मी खाली बसून विड्या वेचू लागलो. आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात. तेवढ्यात मावशी उठल्या.

"मुनीमजी, लेकुरवाळीचं सूप कोन नेतं?"

"शेजारीण नेते."

"का वो?"

"तिच्या मांडीवर पोर असतं म्हणून."

"मग ह्याच्या काखंत कुबडी हाय. माझं ठिवून येते, मग ह्याचं नेते."

मागून एक जण ओरडली, "मावशे, मंग पाळनाबी टांग की ह्याला!"

सगळा कारखाना हसला. मुनीमजींनाही हसू आलं, आणि हसल्यावर नाही म्हणणं जड गेलं. "बरं. पण तुम्ही नाही आलात, त्या दिवशी यानंही यायचं नाही."

तेव्हापासून सकाळी माझे डोळे दाराकडे. मावशींना दमा. तंबाखूचा धुरळा उडाला की खोकल्याची उबळ यायची आणि उद्या त्या येतील का, ही काळजी मला लागायची. ती काळजी त्यांची होती की माझ्या कामाची, हे मला आजही धड सांगता येत नाही.

एकदा अंगात ताप घेऊन आल्या. म्हटलं, "मावशी, घरी पडायचं की."

"पडले असते रे. पन मंग तुझं?"

मान खाली घालून पान कापत राहिलो.

मावशी, गावापासून इतक्या लांब मला दुसरं कुणी नाही, आणि आज माझ्याजवळ देण्यासारखंही काही नाही. पण तुम्हाला निवांत आजारी पडता येईल, असे दिवस मी आणीन. तेव्हा तुमची चूल मी पेटवीन. हे देणं मी फेडणार.