हलका अंगठा

उरणकडच्या धर्मा म्हात्रेचा रविवार संध्याकाळी पाचला सुरू व्हायचा. त्याआधी चहा, मासळी, जेवण, वामकुक्षी सगळं होई, पण ते नुसतं वेळ काढणं. पाच वाजले की तो ओटीवरच्या खुर्चीत बसे, कानात इअरफोनचं बोंडूक घाली आणि लेकाने, विपुलने दिलेलं गेमचं यंत्र मांडीवर घेई. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस गेम खेळतो म्हणून आळीत हसणारे हसत. धर्माला त्याचं काही नव्हतं. पोराला भेटायला जाताना लोक काय म्हणतील ते बघत कोण बसतं?

विपुल तीन वर्षांपूर्वी जर्मनीला गेला. फोनवर बापलेकांचं बोलणं दोन मिनिटांत संपायचं. "जेवलास का?" "जेवलो. तू?" "जेवलो." मग "आयसला देतो" म्हणून धर्मा फोन बायकोच्या, कमळच्या हातात कोंबायचा. मे महिन्यात विपुल आला तेव्हा जाताना हे यंत्र ठेवून गेला. त्यात एक डोंगराळ मुलूख होता आणि दोन वाटसरू, एक इथून बाप चालवणार, एक जर्मनीतून लेक. नुसतं चालायचं. आणि गंमत अशी की चालता चालता धर्मा बोलायचा. वाटेत ओढा लागला की म्हणायचा, "जपून, निसरडं हाय." विपुल तिकडून हसायचा, आणि तासभर कसा जाई ते दोघांनाही कळत नसे.

घोळ अंगठ्याने केला. यंत्रावर डावी-उजवीकडे दोन छोट्या दांड्या होत्या, त्या ढकलून वाटसरू चालवायचा आणि मान वळवायची. धर्माने पंधरा वर्षं कंटेनर यार्डात मोठं उचलयंत्र चालवलेलं, तेही दांडीवरच. खोकं उचल, पुढे ढकल, ठेव, पुढचं घे. त्या पंधरा वर्षांनी उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ बसवली ती कायमची. आता दहा मिनिटं दांडी रेटली की कळ कोपरापर्यंत जाई, अंगठा सुटे आणि त्याचा वाटसरू मागे राही. विपुल पुढे जाऊन थांबायचा. एका रविवारी तर चार वेळा थांबला.

"बाबा, दुखत असेल तर राहू दे," तो म्हणाला. "आपण फोनवर बोलू ना."

 फोनवर म्हणजे काय, हे धर्माला ठाऊक होतं. "कोन म्हनतं दुखतंय?" तो खेकसला.

बापाचं खेकसणं विपुल ओळखून होता. दांड्यांच्या खाली दोन चौकोनी गुळगुळीत पट्ट्या होत्या, ट्रॅकपॅड. त्यांच्यावर नुसतं बोट फिरवलं तरी चालतं, असं त्याने सांगितलं, आणि तिकडूनच सेटिंग पाठवून दिलं. पुढच्या रविवारी धर्माने पट्टीवर अंगठा ठेवला आणि सवयीप्रमाणे रेटला. पट्टी दाबली की उडी, असं ते सेटिंग. त्याचा वाटसरू उडाला. धर्माने आणखी जोरात दाबलं, तो आणखी उडाला. अख्खा डोंगर त्याने बेडकासारखा उड्या मारत चढला आणि शेवटी कड्यावरून ओढ्यात गेला. विपुलला हसू आवरेना. धर्माने मात्र कानातलं काढून ठेवलं. त्याला रडू येत होतं, आणि त्या वयाच्या माणसाने ओटीवर बसून रडायचं म्हणजे काय.

कमळ मागे सुपारी कातरत बसली होती. मघापासून ती त्याचा अंगठाच बघत होती.

"अवो, जोर कवढा लावताव!" ती म्हणाली. "चिखल वर येल की."

 हे वाक्य धर्माने पस्तीस वर्षांपूर्वी ऐकलं होतं, हिच्याच तोंडून, मिठागरावर. तेव्हा तो नवखा होता आणि लांब दांड्याची फळी वाफ्यात अशीच रेटायचा. फळी खोल गेली की तळाचा चिखल उठतो आणि पांढरं मीठ काळं होतं. कमळ तेव्हा शेजारच्या वाफ्यावर होती. फळी पाण्यावर तरंगती ठेवायची आणि आपल्याकडे ओढायची, हे तिनेच त्याला शिकवलं. पुढे मिठागरं भरावाखाली गेली, त्यावर यार्ड झालं, आणि धर्मा ओढायचं विसरून ढकलायला शिकला.

त्याने अंगठा पट्टीवर ठेवला, जेमतेम टेकवला, आणि हलकेच आपल्याकडे आणला. पट्टीतून बारीक टिकटिक झाली. समोरचा सगळा डोंगर सावकाश वळला आणि कड्यावर थांबलेला विपुल दिसला. कळ आली नाही.

पुढच्या रविवारी दोघं पहिल्यांदाच पार समुद्रापर्यंत पोचले.

"बाबा, आपलं मिठागर नेमकं कुठे होतं?" विपुलने विचारलं. ते गेलं तेव्हा तो तीन वर्षांचा होता.

धर्मा सांगत सुटला. खाडीचं पाणी सोडायची उघाडी कुठे, कमळचा वाफा कुठे, चैत्रात मिठाने डोळे कसे दिपायचे. चहा गार झाला. शेवटी, कधी नव्हे ते, त्याच्या तोंडून निघालं, "तू घरी कवा येशील रं?"

विपुलचा वाटसरू जागीच उभा राहिला. "कंपनीने आणखी दोन वर्षं वाढवलीत, बाबा. तुला सांगणारच होतो."

"जा, इथं काय हाय," असं तीन वर्षांपूर्वी म्हणणारा धर्माच होता. विपुलला कर्जत-पनवेलकडे नोकरी मिळत होती, तरी यानेच मागे लागून त्याला विमानात बसवलं. यार्डातलं खोकं उचलावं तसं पोराला उचललं आणि पुढे ठेवलं. हे धर्माला रोज आठवायचं, आणि आजवर त्याने ते कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

"मीच धाडला तुला," तो म्हणाला. "चुकलं माझं."

"नाही रे बाबा," विपुल म्हणाला. त्याचा वाटसरू धर्माच्या वाटसरूजवळ येऊन उभा राहिला. मग तो म्हणाला, "आज रविवारचीही पाळी आहे, निघायला हवं. तू आधी बंद कर."

"तू जा. मी हाय इथं."

विपुलचा वाटसरू नाहीसा झाला. पडद्यावर किनारा, पाणी आणि एकटा धर्मा उरला.

"गेला?" कमळने विचारलं.

"गेला."

ती त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिली. तो अजून पट्टीवर फिरत होता, हलकेच, पुन्हा पुन्हा आपल्याकडे.

"मंग आता काय वढताव?"

 धर्माने अंगठा उचलला नाही.