हातात दिलेलं पाणी

सासूबाईंची फुप्फुसं चुलीनं खाल्ली. कुहीकडे खेड्यात ओल्या लाकडांपुढे उभा जन्म गेला, दुसरं काय होणार? शहरात सक्करदऱ्याला आमच्याकडे आल्या तेव्हा न्हाणीघरापर्यंत जाताना दोनदा भिंतीला टेकायच्या. धाप वाढली की स्टेरॉइडच्या गोळ्या. गोळ्यांनी श्वास मोकळा व्हायचा, पण हाडं आतून विरळ होत गेली, हे तपासणीत कळलं.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती, बोलायला खणखणीत. फुप्फुस नवं मिळत नाही, म्हणाली, पण पाय तयार करता येतात, आणि तयार पायांना कमी श्वास पुरतो. हाडही वजन पडलं तरच टिकतं. म्हणून यांच्या हातात काही द्यायचं नाही. पाणी यांनी उठून घ्यायचं, भाजीची पिशवी फाटकापासून यांनीच आणायची. चालताना एक वाक्य पुरं बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर बसायचं.

ते वाक्य म्हणून सासूबाईंनी मला झापायला घेतलं. गल्लीत त्या पुढे, मी मागे प्लास्टिकचं स्टूल घेऊन. भाजीत तिखट नाही, कणीक जाड दळली, त्यांचा मुलगा माझ्या हातचं खाऊन वाळला. वाक्य न तुटता संपलं की मला असा आनंद व्हायचा, की बोलणी खाऊन कोणाला झाला नसेल. तीन महिन्यांत स्टूल नुसतंच मिरवत न्यावं लागलं. आता त्यांना आपल्या पायांनी सक्करदऱ्याच्या तलावापर्यंत जायचं होतं.

आणि दिवाळीला उमरेडहून नणंद आली. ऑटोतून उतरताना तिला दिसलं ते असं: आई टमाट्यांची पिशवी घेऊन, ओठांचा चंबू करून श्वास सोडत पायऱ्या चढतेय आणि सून रिकाम्या हातांनी मागे उभी आहे.

"वहिनी, आई दमून राहिली अन् तुम्ही पाहत उभ्या?"

फाटकाफाटकाशी बायका होत्या. सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण माझा राग वाईट आहे, मी भांडत नाही, फुगून बसते. दुसऱ्या दिवसापासून पाणी हातात, ताट पलंगावर, स्टूल माळ्यावर. नवऱ्यानं विचारलं तर म्हटलं, तुमच्याच बहिणीला विचारा. त्यानं विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "मले काहून बसवून ठेवलं वं? काय चुकलं माह्यं?"

काही नाही, आराम करा, लोक बघतात, असं मी म्हटलं.

लोक बघतच होते. शेजारणी म्हणायच्या, सून असावी तर अशी. ते मला आवडायला लागलं, हे लिहितानाही लाज वाटते. राग केव्हाच गेला होता, कौतुक सोडवत नव्हतं. होळीपर्यंत त्यांच्या पिंढऱ्या माझ्या मनगटाएवढ्या झाल्या. एका दुपारी खिडकी लावायला उठल्या आणि तिथेच कोसळल्या. खुबा मोडला. या फुप्फुसांना भूल झेपणार नाही, डॉक्टर म्हणाले. म्हणजे ऑपरेशन नाही, उभं राहणं नाही.

तेव्हापासून त्या पलंगावर आहेत. मी कूस बदलते, पाठ पुसते, आणि आता त्या मला कशावरूनही बोलत नाहीत. तेच मला सहन होत नाही.

परवा पाहुणे आले होते. नणंद पलंगाशी बसून त्यांना कौतुकानं सांगत होती, "आमची वहिनी आईले पाण्याचा गिलासही उचलू देत नाही."

सासूबाई छताकडे पाहत म्हणाल्या, "उचलू द्यायले पाहिजे होता."

मध्ये कुठेही श्वास अडकला नाही. पाहुण्यांना ती थट्टा वाटली, ते हसले. मी पाण्याचा गिलास भरून सासूबाईंच्या ओठांना लावला.