न उकळलेलं उष्टं

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाय. बायकोला तर नायच — ती मला कढईत घालून उकळील.

माझं डुकरांचं फार्म आहे, शेंद्र्याजवळ. शहरातल्या हॉटेलांचं उष्टं आणायचं, कढईत खळखळ उकळायचं, मग डुकरांना घालायचं. उष्ट्यात डुकराच्या मटणाचा एखादा तुकडा असला तरी त्यातनं रोग येतो, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलेलं. आणि मी? मी तर हेच गावभर सांगत फिरायचो! माघारी लोक मला ‘उकळे गुरुजी’ म्हणायचे.

त्या दिवशी लग्नाला निघायचं होतं. चूल एकच. तिच्यावर मी काय ठेवलं असंल? माझ्या आंघोळीचं पाणी! थंडी लई होती हो... जाऊ द्या, थंडीला कशाला मधी घालू. उष्ट्यात हाडकं दिसली होती मला. दिसली होती, व्हय.

बायको आतनं ओरडली, “उकळलं का वो?” मी उरलेलं दोन तांबे कढत पाणी उष्ट्यावर ओतलं. “हे बघ की, वाफा निघायल्यात!” म्हणालो, डुकरांना घातलं आणि नटूनथटून लग्नाला गेलो.

दहा-बारा दिवसांत सगळी डुकरं गेली. तापली, खाणं सोडलं, हौदापाशीच आडवी झाली. एकेकाला नावानं हाक मारत बायको रडली. तिला तसं रडताना मी कधी बघितलं नव्हतं.

“बाहेरनं कोण आलं होतं?” डॉक्टरांनी विचारलं. आलं होतं ना — माझा मेहुणा सुखदेव, गंगापूरचा, आम्हाला लग्नाला न्यायला. त्याचीबी डुकरं. बुटानिशी आत शिरलेला. बायको सख्ख्या भावावर तुटून पडली. आणि मी? वर म्हणालो, “बुटातनंबी येतो रोग.” येतो की! पण सुखदेवची डुकरं तर घरी ठणठणीत होती. हे कुणाच्या ध्यानात आलं नाय — माझ्या आलं.

चार वर्षं झाली. अजून सुखदेव फाटकातच बूट काढतो, औषधाच्या पाण्यात पाय बुडवतो आणि खड्यांवरनं अनवाणी उड्या मारत येतो. सगळे हसतात. मीबी हसतो.

गेल्या महिन्यात तो दोन पिल्लं घेऊन आला, त्याच्याकडच्या सगळ्यात चांगल्या मादीची. “दाजी, माझ्यामुळं तुमचं वाटोळं झालं. नाय म्हणू नका.” डोळे भरले होते त्याचे.

मी नाय म्हणालो नाय. पिल्लं घेतली. त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, “जाऊ दे सुखदेव, माफ केलं तुला.”