नांदेडचा माल मोजायचा नसतो

लातूरचे ते प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेले नाही, कारण त्यात मी एका निर्दोष माणसाला अटक करण्याच्या बेतात होतो.

नांदेडला कॅसेटच्या एका छोट्या दुकानातून सुरू झालेला तो धंदा. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, मग टीव्ही, फ्रिज, मोबाइल. मुखेड, अर्धापूर, औसा असे करत लातूरला शाखा उघडली; दुमजली, काचेची. उद्घाटनानंतर चौथ्या दिवशी शेठ ठाण्यात आले. बारा म्युझिक सिस्टीम गायब होत्या. नांदेडहून आलेल्या मालाच्या पोचपावतीवर सही नांदेडहून लातूरला आणलेल्या जुन्या मेकॅनिकची, स्टोअरची किल्लीही त्याच्याकडेच. सगळ्या स्टाफसमोर चोर ठरवून शेठ त्याला सोबतच घेऊन आले होते.

मेकॅनिक साठीचा, पहिल्या दुकानापासूनचा. सगळे त्यांना मामा म्हणत.

"तीस नग मिळाले म्हणून सही केलीत. मोजले होते का?"

"न्हाई साहेब. नांदेडचा माल आपण कधी मोजत न्हाई. घरचा माल हाय."

हवालदार हसला. "घरचा म्हणून घरी नेला का, मामा?"

मलाही त्यांचे उत्तर पटले नाही. किल्ली आणि सही एकाच माणसाकडे. मी अटकेचे कागद तयार करायला सांगितले.

तेवढ्यात औशाच्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, बाजारात एक जण शीलबंद म्युझिक सिस्टीम लई स्वस्तात विकून राहिलाय." आम्ही पंचांसमक्ष दोन नग जप्त केले. नंबर गायब मालाशी जुळले. विकणाऱ्याला माल एका टेम्पोवाल्याने दिला होता. त्यापुढे त्याला काही ठाऊक नव्हते.

नग चालू करून बघायला मी मामांनाच सांगितले. त्यांनी रेडिओचे बटण दाबले. नुसती खरखर. पडद्यावरचा आकडा बघून त्यांचा हात थांबला.

"काय झालं?"

"काई न्हाई."

खोटे बोलणारा साहेबाच्या तोंडाकडे बघतो. दुसऱ्याला वाचवणारा खाली बघतो. मामा खाली बघत होते. मी सगळ्यांना बाहेर काढले, चहा मागवला.

"मामा, चोराचा शिक्का घेऊन घरी जाणार का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "कोऱ्या नगात एकबी स्टेशन भरलेलं नसतं. ह्यात नांदेडचं हाय. ते लातुरात लागत न्हाई. म्हंजे खोकं तिथंच उघडून वाजवलंय आन् परत शील लावलंय."

"कोणी?"

"शाखा वाढल्यावर शेठनी नियम केला, शीलबंद खोकं उघडायचं न्हाई. एकच जण ऐकत न्हाई. माझ्या हाताखाली शिकलाय, साहेब." आणि त्यांचे डोळे भरले.

तो नांदेडच्या गोदामाचा प्रमुख. गाडीत त्याने अठराच नग चढवले होते. लातूरला कोणी मोजणार नाही, हे त्याला माहीत होते. कबुलीनंतर मी विचारले, "अरे, चोरीचा माल तपासून कशाला दिलास?"

"मामांनीच शिकवलं. वाजवून बघितल्याबिगर नग बाहेर सोडायचा न्हाई. गिऱ्हाईकाकडं बंद निघाला तर?"

मामांना न्यायला शेठ स्वतः आले. शाल आणि नारळ घेऊन.

"शाल नको, शेठ," मामा म्हणाले. "ज्यांच्यासमोर चोर म्हणालात, त्यांच्यासमोर न्हाई म्हणा."

शेठ घुटमळले. म्हणाले, "मामा, आता सगळ्यांना कळलंच आहे की." मी टोपी चढवली आणि त्या दोघांसोबत दुकानात गेलो. गिऱ्हाईके होती, तरी शेठना बोलावे लागले. त्यांच्यानंतर मीही बोललो, कारण चूक माझीही होती.

शंका आपण भर बाजारात घेतो आणि निर्दोषत्व मात्र फाइलीत बंद करतो. गरिबाच्या बाबतीत तर नेहमीच. त्या दिवसानंतर माझ्या हातून कोणी निर्दोष सुटला, की त्याला जिथून उचलले तिथे मी वर्दीत परत गेलो, आणि चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, की या माणसाने काही केलेले नाही.