कवितेतलं सोपं मरण

मी मराठीचा मास्तर. कुंभार पिंपळगावच्या अलीकडच्या एका खेड्यात माझी सगळी नोकरी चालली आहे. आमच्याकडे चितेला अग्नी दिला की लगेच कुणी पांगत नाही. माणसं तिथंच खाली बसतात, कुणीतरी माईक पुढे करतो आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू होतात. सरपंच बोलतात, सोसायटीचे चेअरमन बोलतात, मेलेल्या माणसाशी ज्याचं जन्मभर पटलं नाही तोही बोलतो. सगळ्यात शेवटी मला उठवतात. "सर, चार ओळी होऊन जाऊ द्या."

चार ओळी माझ्याच असायच्या. अंगणात खेळून दमलेलं लेकरू तिथंच झोपी जातं, आई त्याला अलगद उचलून घरात नेते, लेकराला कळतही नाही. मरण तसं येतं, असा त्यांचा अर्थ. ऐकताना म्हातारी माणसं डोळे पुसायची. परत जाताना कुणीतरी हात धरून म्हणायचं, "सर, जिवाला बरं वाटलं बघा." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? दुसऱ्याच्या मयतीत मी माझा मोठेपणा मिरवून येत होतो.

आपल्या कवितेत मरण फार सभ्य असतं. ते पाय न वाजवता येतं. कधी नावाडी होऊन येतं, कधी माहेरचं बोलावणं होऊन. कवितेत मरणाऱ्याला ओकाऱ्या होत नाहीत, पाठीला जखमा पडत नाहीत, खोलीला वास येत नाही. अशीच एक कविता मी दहावीच्या वर्गाला शिकवत होतो, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, लिहिताना कवी तर जित्ता व्हता ना? मंग त्याला कसं काय माहीत?" वर्ग हसला. मी रुबाबात सांगितलं, "कवीला अनुभवावं लागत नाही, त्याला दिसतं." पोरगी खाली बसली. मी तिला उत्तर दिलं नव्हतं, नुसतं गप्प केलं होतं.

मग माझ्या बायकोच्या पोटात गाठ निघाली. जालन्याच्या दवाखान्यात दोन-अडीच महिने काढले. एके दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि आता घरी न्या म्हणाले. दुखण्यावरच्या गोळ्या लिहून दिल्या. दुखेल तेव्हा द्या, मागेपुढे पाहू नका, असं दोनदा बजावलं.

घरी आणल्यावर पहिले काही दिवस ती फार कण्हायची. मला ते ऐकवत नसे. तिला त्रास होऊ नये, एवढं एकच मागणं तेव्हा माझ्याजवळ होतं, आणि त्यासाठी माझ्याजवळ हत्यारही एकच होतं. एका संध्याकाळी मी तिच्या उशाशी बसून तिला माझी ती कविता म्हणून दाखवली. गावाने शंभरदा ऐकलेली कविता तिनं पहिल्यांदाच ऐकली, कारण आमच्याकडे बायका स्मशानात येत नाहीत. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "असंच असतंय का हो?"

"असंच असतं," मी म्हणालो.

"मंग बरंय."

त्या दिवसापासून तिचं कण्हणं थांबलं. मी शाळेतून आलो की ती सरळ पडलेली असायची, केस विंचरलेले, चेहरा धुतलेला. गोळी देऊ का विचारलं तर मानेनंच नको म्हणायची. कसं वाटतंय विचारलं तर म्हणायची, "झोप लागून राह्यली." मी तर हरखून गेलो. शाळेत स्टाफरूममध्ये सांगितलं, की माणसाचं मन शांत झालं की शरीर ऐकतं, आमच्याकडे गोळ्यांची पाकिटं तशीच पडून आहेत. सहकारी माना डोलवायचे. डॉक्टरांना जे जमलं नाही ते आपल्या शब्दांनी केलं, असं मला मनापासून वाटत होतं.

ती गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. ओठ घट्ट मिटलेले होते. कपाळावर घाम होता, डोळ्यांच्या कडांतून पाणी वाहत होतं. ते समाधानाचं पाणी आहे असं मी समजलो. तोंडातून हूं की चूं निघालं नाही. स्मशानात लोक म्हणाले, सर, आज तुम्ही बोलू नका. मीच माईक मागून घेतला. बायको समोर जळत होती आणि मी सांगत होतो की माझी कविता मी आज डोळ्यांनी पाहिली.

पुढचे दोन महिने मी त्याच एका गोष्टीवर काढले. घर खायला उठायचं, जेवण जायचं नाही, पण तिला त्रास झाला नाही एवढं मनाला सांगितलं की डोळा लागायचा.

आमच्या शेजारी शिवणकाम करणाऱ्या एक भाभी राहतात. मी शाळेत असलो की आपलं मशीन बंद ठेवून दुपारभर त्याच माझ्या बायकोजवळ बसायच्या. त्यांच्या सासूबाईंना दुखण्यानं घेरलं, तसा मी समाचाराला गेलो. म्हातारी ओरडत होती. मी खुर्ची पुढे ओढली आणि सवयीनं सुरू झालो, की अम्मा, घाबरायचं नाही, आमच्याकडे बघा किती शांतपणे...

"सर, जरा भायेर येता?" भाभी म्हणाल्या.

दारात येऊन त्यांनी पाठीमागे दार ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्या सासूला ते सांगू नका. तिला ओरडू द्या."

मला राग आला. मी म्हणालो, "भाभी, मी धीर द्यायला आलोय."

"तसाच धीर तुमी भाबीला दिल्ता." त्या माझ्या बायकोला भाबी म्हणायच्या. "तुमी शाळेत गेलात की ती पदराचा बोळा तोंडात धरून रडायची. पलंगाची पट्टी धरून धरून हाताला फोड आल्ते तिच्या. चार वाजता गल्लीत तुमची गाडी वाजली की म्हणायची, जल्दी पाणी द्या, तोंड पुसते, केस बराबर करा."

"आणि गोळ्या?"

"मी लय म्हणले, घे बाई. तर म्हणे, गोळी मागितली तर सरांला कळंल दुखून राह्यलं म्हणून. सगळ्या गावाला ते सांगत्यात दुखत न्हाई, आन् घरातच मी ओरडले तर त्यांनी उद्या कोणत्या तोंडानं बोलावं?"

मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. पाकिटं घरात होती. तिच्या पलंगापासून दोन हातांवर, फडताळात. तिला कुणी रडायला बंदी केली नव्हती. मी फक्त एक कविता म्हटली होती आणि ती खरी आहे असं सांगितलं होतं. मी तिचं दुखणं हलकं केलं नव्हतं, तिचं तोंड बंद केलं होतं.

भाभींनी पाणी आणून दिलं. मी विचारलं, "अजून काय म्हणायची?"

त्या सांगेनात. मी हात जोडले, तेव्हा म्हणाल्या, "म्हणायची, अल्लाकडं माझ्यासाठी एवढंच मागा भाभी, मला मरण यायचं तर सर शाळेत गेल्यावर येऊ द्या. मला एकदा मोठ्यानं ओरडता येईल."

ती गेली त्या दिवशी रविवार होता. मी सकाळपासून तिच्या उशाशी बसून होतो.