बोली मान्य नाही

अनंतराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी विचारलं, साहेब, निरोपाला काय देऊ? त्यांनी शाल नको म्हटलं, घड्याळ नको म्हटलं आणि लॅमिनेशनचं मशिन मागितलं. ते घरी आल्यापासून आठ दिवसांत त्यांनी घरातला कागद म्हणून कागद प्लास्टिकमध्ये घातला. जन्मदाखले, गॅसचं पुस्तक, मुलाचं तिसरीतलं चित्रकलेचं प्रमाणपत्र, सगळं. त्यांच्या पत्नी उमाताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आता या घरात लॅमिनेट व्हायची मी तेवढी राहिलेय."

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. सिडकोतल्या त्यांच्या गल्लीत कुणाचं रेशनकार्डावरचं नाव चुकलं, कुणाचं वीजबिल अवाच्या सवा आलं, की पावलं अनंतरावांच्या फाटकाकडं वळायची. ते चष्मा लावायचे, समोरच्याचं निम्मं बोलणं व्हायच्या आत "कळलं" म्हणायचे आणि अर्ज लिहायला घ्यायचे. अक्षर मोत्यासारखं, भाषा सरकारी, कुठं खोट काढायला जागा नाही. लिहून झालं की बोट ठेवून म्हणायचे, "इथं सही." लोक सही करायचे. काम फुकटात होतंय म्हटल्यावर वाचत कोण बसतो?

करुणा त्यांच्या घरी आली ती उमाताईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर. घरोघर जाऊन आजारी माणसांचं सगळं करणाऱ्या बायकांची एक एजन्सी आहे, तिच्यातली ती. माहेर लासूर स्टेशनचं. बोलणं बेताचं, हात मात्र सारखे चालू. दीड महिन्यात उमाताई काठीशिवाय चालायला लागल्या आणि करुणा घरचीच झाली. तिच्या एजन्सीचा सगळा कारभार मोबाइलवर. ड्यूटी मोबाइलवर येणार, रुग्णाच्या दारात पोचलं की स्वतःचा फोटो काढून हजेरी लावायची, फोटो नाही तर हजेरी नाही. तिचा जुना मोबाइल पाण्याच्या बादलीत पडून मेला, तेव्हा ती रडवेली होऊन अनंतरावांकडं आली.

"काका, ऑनलाइन जुने चांगले भेटतेत म्हणं. मला नवा काय झेपत नाय. तुम्ही बघता का?"

"मी आहे ना," अनंतराव म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडात बसलेलंच होतं.

तिच्याकडं मोबाइलच नसल्यामुळं शोधाशोध, लिहिणं-बोलणं सगळं अनंतरावांच्या मोबाइलवर झालं. जुन्या वस्तूंच्या एका साइटवर त्यांना पाचोडच्या कुणा कडुबाची जाहिरात सापडली. मोबाइल आठ महिन्यांचा, डबा आणि बिल सोबत, कंपनीची वॉरंटी चार महिने शिल्लक. आणि खाली एक ओळ: तीन महिने बोली.

अनंतरावांचा जन्म पाटबंधारे खात्यात गेलेला. भंगार पाइपांच्या लिलावात त्यांनी स्वतःच्या हातानं बोल्या नोंदवल्या होत्या. बोली म्हणजे काय हे त्यांना कुणाला विचारायची गरजच नव्हती. म्हणजे हा गडी तीन महिने लोकांना बोल्या लावायला लावणार आणि भाव चढवत नेणार. त्यांनी लगेच लिहिलं, 'बोली मान्य नाही. किंमत आताच ठरवावी.'

पलीकडून बऱ्याच वेळानं उत्तर आलं. 'बोली नको? बघा बरं.'

'नको.'

'मंग थोडं कमी द्या.'

अनंतराव खुर्चीतच सरळ झाले. न मागता भाव उतरला होता. त्यांनी उमाताईंना हाक मारून तो संदेश वाचून दाखवला, संध्याकाळी शेजाऱ्यांना सांगितला, आणि करुणाला इतकंच सांगितलं की काम झालं, तू पैसे तयार ठेव.

मोबाइल घ्यायच्या दिवशी करुणा ड्यूटीवर होती, म्हणून मध्यवर्ती बसस्थानकावर अनंतराव एकटेच गेले. कडुबा पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल, शेळ्यामेंढ्यांचा माणूस. शेळ्यांचे व्हिडिओ काढून गिऱ्हाइकांना पाठवता पाठवता मोबाइल भरून गेला, म्हणून मोठा घेतला होता त्यानं. व्यवहार झाल्यावर त्यानं पुन्हा विचारलं, "साहेब, बोली नकोच ना?"

"एकदा ठरलं की ठरलं," अनंतराव म्हणाले.

कडुबा एसटीकडं निघून गेला.

घरी येऊन अनंतरावांनी पहिलं काम काय केलं असेल? बिल लॅमिनेट केलं. ते दुकानातल्या छोट्या मशिनमधून निघालेलं बिल होतं, गुळगुळीत, पातळ कागदाचं. असल्या कागदाला शाई नसतेच, उष्णतेनं तो काळा होतो आणि तीच अक्षरं. हेडक्लार्कच्या टेबलावर असले कागद कधी आले नव्हते. गरम मशिनमधून बिल दुसऱ्या बाजूनं बाहेर आलं ते तव्यासारखं काळं कुळकुळीत. दुकानाचं नाव नाही, तारीख नाही, काही नाही. पण कंपनीच्या कॉम्प्युटरवर सगळं असतंच, अशी अनंतरावांनी स्वतःची समजूत घातली, ती काळी पट्टी फाइलमध्ये ठेवली आणि कुणालाच काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

दुसरा महिना संपता संपता मोबाइलच्या खालच्या अर्ध्या पडद्याला बोट लागेनासं झालं. वर सगळं ठीक, खाली मुडदा. आणि हजेरीच्या फोटोचं बटण नेमकं खाली. एजन्सीच्या अॅपचा नियम असा की मोबाइल वर्षातून एकदाच बदलता येतो, आणि करुणाचा तो बदलून झाला होता. म्हणजे दुसऱ्याचा मोबाइल मागून आणायचीही सोय नाही, हाच दुरुस्त व्हायला हवा. त्यात एक तारखेपासून ज्योतीनगरमधल्या एका आजोबांची दिवसपाळी तिला लागलेली, सलग सहा महिन्यांची. पहिल्या दिवशी हजेरी पडली नाही तर ड्यूटी यादीतल्या पुढच्या बाईला. त्या दिवशी तारीख होती सत्तावीस.

"वॉरंटी आहे, घाबरायचं कारण नाही," असं म्हणत अनंतराव तिला घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलीनं नंबर टाकला आणि मान हलवली.

"वॉरंटी संपलीय, काका."

"अशी कशी संपेल? दहाच महिने झालेत."

"मोबाइल दुकानात विक्रीविना पडून असेल. आमच्याकडं तारीख कंपनीतून निघाल्यापासूनची दिसते. काही अडचण नाही, बिल दाखवा, मी बिलाची तारीख लावून देते. पार्ट आहे शिल्लक, एका दिवसात होईल."

अनंतरावांनी फाइल उघडली. ती काळी पट्टी काउंटरवर ठेवली. मुलीनं ती उलटून पाहिली, उजेडात धरली.

"हे काय आहे?"

"बिल," अनंतराव म्हणाले.

करुणा पट्टीकडं बघत होती. अनंतरावांना आपणहून सगळं सांगावं लागलं, काउंटरवरच्या मुलीसमोर. वॉरंटीशिवाय पडदा बदलायचा तर खर्च मोबाइल घेतला जवळजवळ तेवढाच होता. मुलगी भली होती. ती म्हणाली, "ज्यांच्या नावानं खरेदी आहे त्यांना दुकानात घेऊन जा. त्यांच्या नंबरवर कोड येतो, तो सांगितला की दुकानदार बिलाची दुसरी प्रत काढून देतो. त्यांच्याशिवाय नाही देणार."

कडुबाला फोन लावला. मागं शेळ्यांचा गलका. "परवा पाचोडला बाजार हाये. तिथंच या," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

परवा म्हणजे एकोणतीस. सकाळच्या एसटीनं दोघं आडूळमार्गे पाचोडला गेली. वाटेत अनंतराव तिला समजावत होते, त्या माणसाशी मी बोलतो, तू मध्ये बोलू नकोस, अशा लोकांशी कसं बोलायचं ते मला माहीत आहे. करुणा खिडकीतून बाहेर बघत होती.

शेळ्यांच्या बाजारात कडुबा दोन शेळ्या आणि एक बोकड घेऊन उभा होता. अनंतरावांनी सगळी हकीकत मुद्देसूद सांगितली. त्यानं ऐकून घेतली.

"दुकान तर मेनरोडलाच हाये," तो म्हणाला. "पण आज बाजार, साहेब. घडीभरात गिऱ्हाइकं पांगतील. जनावरं सोडून कसा येऊ? बोली असती तर आलो असतो."

"बोलीचा इथं काय संबंध? तो लिलावाचा विषय तेव्हाच संपला."

"लिलाव?" कडुबानं आजूबाजूला पाहिलं, कुणी आपली गंमत तर करत नाही ना म्हणून. मग त्यानं मोबाइल काढला, वर सरकवत सरकवत तो जुना संदेश शोधला आणि पडदा अनंतरावांपुढं धरला. करुणानंही मान पुढं करून वाचलं. बोली मान्य नाही.

"मी दोनदा इचारलं यांना," कडुबा तिला म्हणाला. "तीन महिन्यात काय बी खोड निघाली तर माझ्यावर, आशी बोली दिली व्हती. परत न्या म्हणलं आसतं, नायतर नीट करून दिला आसता. जनावर असू का मोबाइल, मी बोलीशिवाय इकत नाय. हेच नको म्हणले. मंग भाव उतरवावा लागतो, तो उतरवला मी. बिगरबोलीचा माल, जोखीम घेणाऱ्याची."

जो भाव उतरल्याचं कौतुक अनंतरावांनी गल्लीभर केलं होतं, तो फुकट उतरला नव्हता. त्यांनी करुणाची हमी विकून टाकली होती, तीही तिला न सांगता. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, 'गैरसमज' हा शब्द तोंडापर्यंत आला होता, पण तेवढ्यात करुणाच बोलली.

"माझा बाप लासूरच्या बाजारात बैलं इकायचा," ती कडुबाला म्हणाली. "बोली मला ठाऊक हाये. तुम्ही बोली कुणाला दिली?"

"घेणाऱ्याला."

"घेणारी मी. पैसा माझा, मोबाइल माझा. मी कवा नको म्हणलं? मला तर कुणी इचारलंच नाय."

कडुबानं टॉवेल काढून मान पुसली. शेजारचा एक म्हातारा शेळीवाला केव्हाचा कान देऊन ऐकत होता, तो म्हणाला, "दलालाच्या तोंडानं बोली मोडत नसती, कडुबा."

"व्हय," कडुबा म्हणाला. "हे दलाल व्हय. मला वाटलं, मालक."

पस्तीस वर्षं सरकारी खुर्चीत बसलेल्या, कुणाचा चहासुद्धा न घेतलेल्या माणसाला भर बाजारात दलाल ठरवलं गेलं. ते करुणाकडं वळून एवढंच म्हणाले, "चुकलं माझं."

"बोली म्हंजे काय ते मला एका शब्दात सांगता आलं असतं, काका," ती म्हणाली. रागानं नाही म्हणाली, रागानं म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. "फकस्त इचारायचं व्हतं."

अनंतरावांना त्या गल्लीतले अर्ज आठवले. शेकड्यानं लिहिले असतील. एकालाही, तुला नेमकं काय म्हणायचंय, असं विचारल्याचं त्यांना आठवेना.

"चला ताई," कडुबा म्हणाला. "बोली हाये तर येतो. पण जनावरं?" त्यानं इकडं तिकडं पाहिलं. म्हाताऱ्याकडं त्याच्याच पाच शेळ्या होत्या. शेवटी त्यानं तिन्ही दावी अनंतरावांच्या हातात दिली. "धरून ऱ्हा. बोकड हिसडा देतो, सैल सोडू नका."

ती दोघं गर्दीतून मेनरोडकडं गेली. करुणा पुढं होती आणि कडुबाला काहीतरी सांगत होती, हातवारे करून. अनंतरावांनी तिला इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

फाइल काखेत धरून, तीन दावी मनगटाला गुंडाळून ते उन्हात उभे राहिले. बोकडानं दोन हिसडे दिले, एका शेळीनं फाइलचा कोपरा चावून पाहिला. एवढ्यात धोतरातला एक माणूस आला. त्यानं शेळीचे दात पाहिले, कास चाचपली, पाठीवर हात दाबला आणि अनंतरावांना विचारलं, "बोली किती दिवसाची?"

अनंतरावांच्या ओठावर उत्तर आलं होतं. आयुष्यभर येत होतं तसंच, विचारणाऱ्याचं पुरं व्हायच्या आत. त्यांनी ते गिळलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मालक आता येईल. त्याला विचारून सांगतो."