राजेश्वरीवहिनींचा सत्कार

टाकवे बुद्रुकच्या महिला भजनी मंडळात राजेश्वरीचा आवाज सगळ्यांत गोड, हे कुणीही मान्य करील. पेटीशेजारी बसून ती अभंग उचलायची आणि मागच्या पंधराजणी तो झेलायच्या. पण त्या पंधराजणींना झेलायला शिकवलं ते वरच्या ठाकरवाडीतल्या बयाबाईनं.

बयाबाईला अक्षरओळख नाही, पण अभंग-गौळणी किती पाठ असतील याची गणती नाही. आवणीच्या दिवसांत ती राजेश्वरीच्याच खाचरांत भात लावायला यायची. चिखलात ओळीनं वाकलेल्या बायकांना एक चरण सांगायची आणि हातातली रोपांची मूठ संपेपर्यंत तोच घोकून घ्यायची. "तोंड उगडा की गं, भात काय ऐकून पळून न्हाई जायचं!" अशी तिची शिकवणी. त्या चिखलातूनच अठरा वर्षांपूर्वी मंडळ उभं राहिलं. मंडळातल्या नंदाबाईचा नवरा गेला तेव्हा चार महिने ती देवळाची पायरी चढली नव्हती. बयाबाई रोज तिच्या ओट्यावर टाळ घेऊन बसायची, चकार शब्द न बोलता. पाचव्या महिन्यात नंदाबाईनं आपणहून टाळांची दुसरी जोडी उचलली.

अशा मंडळाला लोणावळ्याच्या एका संगीत संस्थेचं पत्र आलं. समूहगायनात पुढाकार घेऊन सेवा करणाऱ्या एका व्यक्तीचा सत्कार करायचा होता. मंडळानं नाव आणि थोडी माहिती कळवायची. पत्र आलं गुरुवारी, मुदत शुक्रवारची, आणि बयाबाई लेकीच्या बाळंतपणाला पवनानगरला गेलेली.

देवळात बायका जमल्या. नंदाबाई म्हणाली, "खरं तर बयाबाईचं नाव द्याया पायजे."

मग चंपा म्हणाली, "आन् स्टेजवर बोलाया लावलं तर ती काय बोलंल? वैनींचंच द्या. वैनी कशा, चारचौघांत शोभत्यात."

राजेश्वरीला नाही म्हणता आलं असतं. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

घरी मुलगी मानसी मोबाइलवर अर्ज भरायला बसली. नाव झालं, गाव झालं. "कार्याची माहिती, वीस ओळी," मानसी म्हणाली, आणि राजेश्वरी आठवू लागली. आपण काय केलं? गायलो. त्यापुढे ओळच सुचेना. मग तिनं सांगायला सुरुवात केली. आवणीत शिकवलेले अभंग, वाडीवस्तीवरून गोळा केलेल्या बायका, नंदाबाईचा ओटा. मानसीची बोटं थांबली.

"आई, हे तर बयाआजीचं आहे ना?"

"मंडळाचं आहे. लिही तू."

सत्काराला सगळं मंडळ जीप करून निघालं. बयाबाई मुद्दाम पवनानगरहून परत आली होती, नवं हिरवं लुगडं नेसून. ड्रायव्हरला सांगत होती, "दमानं चालव रं बाबा, आमच्या वैनींचा सत्कार हाये आज." राजेश्वरी खिडकीबाहेर बघत राहिली.

सभागृहात शाल झाली, श्रीफळ झालं, सन्मानपत्र झालं, आणि निवेदकानं माहिती वाचायला घेतली. तिसऱ्या रांगेत बसलेली बयाबाई आधी चरणाचरणाला मान डोलवत होती. ओळखीचीच गोष्ट की सगळी! "पतिनिधनानं खचलेल्या एका भगिनीच्या दारात त्या चार महिने रोज टाळ घेऊन बसल्या..." निवेदकाचा आवाज भरून आला. नंदाबाईनं खाली बघितलं. बयाबाईची मान डोलायची थांबली.

"वहिनी, दोन शब्द बोला," म्हणून माइक हातात आला. राजेश्वरी म्हणाली, "हा सत्कार माझा नाही."

एवढं बोलून तिला दम घ्यावा लागला, आणि तेवढ्यात लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय हा नम्रपणा! पुढचं वाक्य तिच्या ओठांवर होतं. टाळ्या थांबल्या तेव्हा तिनं ते गिळलं आणि म्हणाली, "सगळ्या मंडळाचा आहे."

परतताना जीपमध्ये कुणी गाणं काढलं नाही. कामशेत मागे पडल्यावर बयाबाईनं विचारलं, "ते समदं तुमीच सांगितलं का त्यास्नी?"

"हो, मावशी."

"बरं ध्यानात ऱ्हायलं तुमच्या."

पुढच्या एकादशीला बयाबाई आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. भजन व्हायचं, पण ओळ उचलली की मागच्यांतल्या दोघी पुढं पळायच्या, चौघी रेंगाळायच्या. कुणी राजेश्वरीला बोल लावला नाही. चंपानंसुद्धा नजर चुकवली. घरी देवापुढं दिवा लावला की राजेश्वरीचे हात जुळायचे, पण तोंडातून अभंग निघायचा नाही. देवाला काय सांगायचं? त्याला ती माहिती कुणाची ते ठाऊकच होतं.

शेवटी एका सकाळी शाल पिशवीत घालून ती वाडीवर चढून गेली. बयाबाई ओट्यावर नाचणी पाखडत होती.

"मावशी, चुकले मी. ही शाल तुमची."

"ती काय गुडघ्यावं टाकू व्हय?" बयाबाईचं सूप थांबलं नाही. "आन् हितं चुकलं म्हनता, ते ऐकाया हाये कोन? ह्या कोंबड्या?"

"मग मी काय करू?"

"चालबी म्याच सांगायची, आन् ह्येबी म्याच सांगायचं?"

राजेश्वरी ओट्याच्या कडेला टेकली. तिनं मोबाइल काढला आणि संस्थेच्या चिटणीसांना लावला, आवाज मोठा ठेवून. "सर, टाकव्याहून राजेश्वरी बोलतेय. मी पाठवलेली माहिती खरी होती. नाव खोटं होतं. ते काम माझं नाही, बयाबाईंचं आहे."

चिटणीस कोरडेपणानं म्हणाले, "सत्काराची पुस्तिका तर वाटून झाली. पण वार्षिक अंकात दुरुस्ती छापतो, सन्मानपत्रही नवं करू. त्यांचं पूर्ण नाव सांगा."

राजेश्वरीनं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. नवऱ्याचं नाव? आडनाव? अठरा वर्षं एका सतरंजीवर बसून, हिच्या तोंडचे अभंग गाऊन, आपण हे कधी विचारलंच नाही? चिटणीस "हॅलो, हॅलो" करत होते. बयाबाई पाखडत राहिली.

"बयाबाई सावळा मेंगाळ," मग ती सुपाकडेच बघत म्हणाली.

राजेश्वरीनं ते फोनमध्ये सांगितलं. "आवाज तुटतोय, पुन्हा सांगा." तिनं उभं राहून सांगितलं. तरी ऐकू जाईना. तिसऱ्यांदा अंगणात येऊन ती ओरडलीच, तशा शेजारच्या दोन घरांतल्या बाया दारात येऊन बघू लागल्या.

"काय झालं गं बया?" एकीनं विचारलं.

"कुटं काय. वैनी माजं नाव शिकत्यात."

राजेश्वरी उतरायला निघाली तेव्हा शाल ओट्यावरच होती. बयाबाईनं ती घेतली नव्हती आणि परतही दिली नव्हती. एकादशी चार दिवसांवर होती. "याल ना?" एवढंच विचारायचं होतं, पण ते न विचारताच राजेश्वरी वाट उतरू लागली.